फ्रेंच आकडे आणि उच्चार : सत्तर ते नव्व्याण्णवपाशी अडलेल्यांसाठी धागा

कर्वेरोडवरची

नुकतंच फ्रेंच सुरू केलंय त्यांच्यासाठी हा धागा काढतेय. परदेशी भाषांच्या धाग्यावर बऱ्याच जणांनी लिहिलं होतं की आकड्यांपाशी गाडी अडते, वीसपर्यंत पाठ होतं, साठपर्यंत पण रेटून जातं, आणि पुढे कुणी भराभर बोललं की काहीच हाताला लागत नाही. मी खराडीला एका कंपनीत अकाउंट्सला आहे, फ्रान्समधल्या व्हेंडरांची बिलं आमच्याकडे येतात, त्यामुळे रकमा, बिल नंबर, फोन नंबर हे सगळं रोज फ्रेंचमधून कानावर पडतं. विषय जिव्हाळ्याचा आहे म्हणून जरा सविस्तर लिहिते.

खाली उच्चार देवनागरीत देतेय पण ते अंदाजे धरा. चंद्रबिंदू दिसलं की आवाज नाकातून सोडायचा, शेवटी न् किंवा म् अजिबात म्हणायचा नाही. ऽ दिसलं की लांब 'अ' म्हणायचा आणि ओठ मात्र 'ओ' म्हणताना होतात तसे गोल ठेवायचे.

अँ, दऽ, त्र्वा, कात्र, सँक, सिस, सेत, युइत, नऽफ, दिस. हे दहा. पुढे ओँझ, दूझ, त्रेझ, कातोर्झ, कँझ, सेझ हे सोळापर्यंत स्वतंत्र शब्द. सतरापासून दहा-सात, दहा-आठ, दहा-नऊ असं सुरू होतं, दिसेत, दिझ्युइत, दिझनऽफ. मग दशक व्हँ, त्राँत, काराँत, सँकाँत, स्वासाँत. एकवीस, एकतीस अशा ठिकाणी मधे 'ए' म्हणजे 'आणि' येतो (व्हँतेअँ), बाकी सरळ जोडत जायचं. इथपर्यंत कुणाला फारसा त्रास होत नाही.

सत्तरला फ्रान्समध्ये स्वतःचं नावच नाही. सत्तर म्हणजे साठ-दहा (स्वासाँत-दिस), एकाहत्तर म्हणजे साठ आणि अकरा, बहात्तर साठ-बारा, असं करत एकोणऐंशी म्हणजे साठ-दहा-नऊ. ऐंशी म्हणजे चार-वीस (कात्र-व्हँ). नव्वद चार-वीस-दहा आणि नव्व्याण्णव चार-वीस-दहा-नऊ. एक्याऐंशी आणि एक्याण्णवमध्ये मधला 'आणि' येत नाही, हे लक्षात ठेवा, परीक्षेत हमखास विचारतात.

आता खरी अडचण कुठेय ते सांगते. फ्रान्समध्ये १९९६ पासून फोन नंबर दहा आकडी आहेत आणि ते दोन-दोनच्या जोड्या करून सांगतात, आपण एकेक आकडा सुटा सांगतो तसं नाही. मोबाइल असेल तर शून्य-सहा किंवा शून्य-सात अशी सुरुवात आणि पुढे चार जोड्या. नवीन माणूस ९७ कसं लिहून घेतो ते एकदा नीट बघा. 'कात्र' ऐकलं की ४ लिहितो, 'व्हँ' आलं की ते खोडून ८०, 'दि' आलं की ८० खोडून ९०, आणि 'सेत' कागदावर उतरेपर्यंत समोरचा पुढची अख्खी जोडी सांगून मोकळा झालेला असतो, मग तिथून पुढचं सगळंच निसटतं.

यावर उपाय एकच, जोडी पुरी होईपर्यंत पेन कागदाला टेकवायचं नाही. आणि हे आपल्याला मुळातच जमतं! पंचाहत्तर ऐकताना आधी पाच येतो, पण म्हणून आपण आधी ५ लिहितो का? 'हत्तर' येईपर्यंत थांबतो आणि मग ७५ लिहितो, ही थांबायची सवय मराठीतून शिकलेल्या प्रत्येकाला लहानपणापासून आहे, फक्त इंग्रजी आकड्यांमुळे ती जरा मागे पडलीय, ती परत काढायची. दुसरं म्हणजे डोक्यात बेरीज-गुणाकार करायचा नाही. 'कात्रव्हँदिझनऽफ' हा एक अखंड शब्द आहे आणि त्याचा अर्थ ९९, बस. चार गुणिले वीस अधिक दहा अधिक नऊ हे एकदा समजून घ्यायचं आणि सोडून द्यायचं.

बाकी शंका विचारा, जमेल तसं लिहीत जाईन.

चिंचेचं_झाड

ताई फार गरजेचा धागा. माझी मुलगी आठवीत आहे, शाळेत फ्रेंच आहे. शिक्षिका आकडे सांगतात आणि मुलांनी लिहायचे असतात, त्यात तिचे साठच्या वरचे सगळे चुकतात. ७५ सांगितलं की ६० लिहिते आणि पुढे १५. दोन वेगळे आकडे! घरी मी तिला वहीत मराठीत उच्चार लिहून देते पण ते वाचून ती जे म्हणते ते शिक्षिकांना पटत नाही. मला स्वतःला फ्रेंच येत नाही, कसं करून घेऊ?

पाटीवरची_अक्षरं

उत्तम लेख. मी निवृत्त गणित शिक्षक, सदाशिव पेठेत आयुष्य गेलं, फ्रेंच येत नाही पण नातवामुळे या आकड्यांशी ओळख झाली आणि मला ते अजिबात विचित्र वाटले नाहीत. आमच्या लहानपणी गावाकडची म्हातारी माणसं विसानेच मोजायची. तीन विसा आणि दहा म्हणजे सत्तर, चार विसा म्हणजे ऐंशी, पाच विसा शंभर. आंबे, नारळ, पेंढ्या सगळं विसाने. फ्रेंच माणूस ऐंशीला चार-वीस म्हणतो तो हेच म्हणतो. आणि विसाचा पाढा ज्याला येतो त्याला अडचण कसली, वीस त्रिक साठ, वीस चोक ऐंशी, वीस पंचे शंभर. फ्रेंचमध्ये साठच्या आणि ऐंशीच्या मुक्कामावरून पुढचे एकोणीस आकडे मोजायचे इतकंच आहे.

धागाकर्तीचं एक मत मात्र मला मान्य नाही. बेरीज करायचीच नाही हे लहान मुलांच्या बाबतीत योग्य नाही. मुलांना संख्येची घडण दाखवलीच पाहिजे. चिंचेचं_झाड, तुमच्या मुलीला काड्यांचे विसाचे गठ्ठे करून द्या, चार गठ्ठे आणि वर पंधरा सुट्या काड्या, हे झाले पंचाण्णव, असं हाताने करू द्या, कायमचं बसेल.

कर्वेरोडवरची

सर, विसा फार छान आठवण करून दिलीत, माझी आजी पण म्हणायची. फ्रान्समध्येही पूर्वी ही पद्धत बरीच पुढपर्यंत होती, एकशेवीसला सहा-वीस म्हणायचे. पॅरिसमध्ये बास्तीयजवळ डोळ्यांचं एक मोठं हॉस्पिटल आहे त्याचं नावच 'कँझ-व्हँ', पंधरा-वीस, म्हणजे तीनशे. नवव्या लुई राजाने १२६० च्या सुमारास तीनशे अंध लोकांच्या राहण्यासाठी ते काढलं आणि ते आजही त्याच नावाने चालू आहे. वेल्श आणि ब्रेतोन भाषांतही विसाने मोजतात.

काड्यांचं म्हणाल तर घडण दाखवायला माझी हरकत नाहीच, एकदा दाखवावी. पण सर, ऐकून लिहायची परीक्षा असते तेव्हा गठ्ठे मांडायला वेळ कुठे असतो, दीड सेकंदात पुढचा आकडा येतो. तिथे कानच लागतो.

चिंचेचं_झाड, मुलीची जी चूक होतेय ती अगदी बरोबर ठिकाणी होतेय, म्हणजे तिला शब्द नीट ऐकू येतायत. तिला फक्त एवढं सांगा : 'स्वासाँत' किंवा 'कात्र-व्हँ' ऐकलं की श्वास घे आणि थांब, कारण पुढे एक ते नऊ आलं तर साठी किंवा ऐंशीतलं, आणि दहा ते एकोणीस आलं तर सत्तरीतलं किंवा नव्वदीतलं. हे दोनच शब्द थांबायचे. बाकी कुठल्याही दशकाला थांबायची गरज नाही.

आणि वहीत मराठीत उच्चार लिहून देणं बंद करा असं मी आग्रहाने सांगेन. मी इथे लिहितेय कारण इथे आवाज नाही, पण घरी आवाज आहे ना. फ्रेंचमध्ये 'वर' आणि 'खाली' हे दोन शब्द आहेत, देवनागरीत दोन्ही 'दसू' असेच लिहिले जातात, आणि अर्थ पूर्ण उलट! फरक फक्त शेवटच्या स्वराचा. एक आपला साधा 'ऊ' (खाली). दुसऱ्यात (वर) जीभ 'ई' म्हणताना असते तिथेच ठेवायची आणि ओठ शिट्टी वाजवताना करतो तसे पुढे काढायचे. हा स्वर आपल्या लिपीत नाही म्हणून वहीत तो कधी ऊ होतो, कधी यू, आणि मुलं तेच पाठ करतात. आठचा 'युइत' पण असाच, त्यात खरं तर 'य' नाहीये, तोच ओठ पुढे काढलेला स्वर झर्रकन 'ई'कडे जातो. टीव्ही५माँदच्या साइटवर फ्रेंच शिकणाऱ्यांसाठी पातळीनुसार फुकट व्हिडिओ आहेत, ते लावून द्या आणि वही मिटून नुसतं मागून म्हणू दे.

मुळाकाठचा

+१. वाचनखूण साठवली.

गोव्याची_पुणेकर

नाकातल्या आवाजाबद्दल थोडं लिहू का. माझी घरची भाषा कोकणी, आमच्याकडे 'हांव' म्हणताना आवाज नाकातून जातोच त्यामुळे क्लासमध्ये मला हे सहज जमलं, पण माझ्या बरोबरच्या मराठी मैत्रिणींचा 'बोँ' नेहमी 'बॉन' व्हायचा आणि 'साँ' चा 'सान'. कारण मराठीत अनुस्वार आला की पुढच्या अक्षराप्रमाणे न्, म्, ङ् असं काहीतरी ठोस येतंच, चंपा म्हणताना ओठ मिटतातच.

त्यांना मी एकच सांगायचे, कुणाचं बोलणं नीट ऐकू आलं नाही की आपण 'अँ?' म्हणून विचारतो ना, तोंड उघडं, जीभ खाली, कुठेही काही टेकत नाही. तोच आवाज. फ्रेंच लोकही न कळल्यावर अगदी तसंच 'अँ?' विचारतात. तो आला की वीसचा 'व्हँ' आला, पाचचा 'सँक' आला, पंधराचा 'कँझ' आला. मग तोंड जास्त उघडलं की शंभरचा 'साँ', तीसचा 'त्राँत'. ओठ गोल केले की अकराचा 'ओँझ'.

कर्वेरोडवरची

'अँ?' चं उदाहरण एकदम चपखल, आता सगळ्यांना हेच सांगणार. पुस्तकात नाकातले चार स्वर दिलेले असतात पण पॅरिसकडे एकचा 'अँ' आणि वीसमधला 'अँ' हल्ली जवळजवळ सारखेच ऐकू येतात, त्यामुळे सुरुवातीला तीनच नीट जमवले तरी चालतं.

उच्चाराचा विषय निघालाच आहे तर आपल्या फायद्याची एक गोष्ट. फ्रेंचमधला त आणि द हे आपले दातांना जीभ लागणारे त, द आहेत, इंग्रजीतून आलेले ट, ड नाहीत. क आणि प पण आपलेच, इंग्रजांसारखी हवा सोडायची नाही. पण होतं काय, शाळेपासून रोमन लिपीतलं टी दिसलं की 'ट' म्हणायची सवय, म्हणून मराठी मुलंसुद्धा 'ट्र्वा', 'सेट', 'युइट' म्हणतात. त्र्वा म्हणताना 'त्रास' मधला त्र डोक्यात ठेवा. फक्त त्यातला र वेगळा, तो जिभेच्या टोकाने नाही, घशाच्या मागच्या बाजूने येतो, ग़ज़ल गाणारे लोक पहिलं अक्षर नीट उच्चारतात त्याच्या जवळपासचा. तो लगेच नाही आला तरी चालेल, आपला र म्हटलात तरी समोरच्याला कळतं, पण ट म्हटलात तर लगेच इंग्रजी वळण जाणवतं.

झ चं पण बघा. दूझ, ओँझ मधला आवाज आपल्या 'झाड'मधला नाही, जीभ कुठेही न टेकवता नुसती हवा घासत सोडायची. आपला झ म्हणताना जीभ आधी टेकते.

सिग्नलवरचा_स्कूटरवाला

सध्या रोज डेक्कन ते वनाज जाताना सिग्नलला समोरच्या गाडीचे शेवटचे चार आकडे दोन जोड्या करून फ्रेंचमध्ये म्हणतो. ७६९३ दिसलं की साठ-सोळा, चार-वीस-तेरा. नळ स्टॉपला सिग्नल मोठा असतो, पाच-सहा गाड्या सहज होतात. एमएच बाराचा दूझ आणि एमएच चौदाचा कातोर्झ तर आता झोपेत पण येतो :) बघून म्हणणं जमतं, ऐकून लिहिणं अजून नाही.

माझा प्रश्न असा की सहा आणि दहाचा उच्चार प्रत्येक वेळी वेगळा का येतो? कधी सिस, कधी सि, कधी सिझ. व्हिडिओतली बाई पण प्रत्येक वाक्यात बदलते.

कर्वेरोडवरची

गाड्यांची कल्पना मस्त. मागे बसलेलं कुणी असेल तर त्यांना नंबर मराठीत सांगायला लावा आणि तुम्ही मनात फ्रेंच करा, म्हणजे कान पण तयार होईल.

सिस, सि, सिझ तिन्ही बरोबर. नियम असा की आकडा एकटा असेल, पुढे काही नाही, तर सिस, दिस. पुढे व्यंजनाने सुरू होणारा शब्द आला की शेवटचा स गळतो, सहा पुस्तकं 'सि लिव्र', दहा मिनिटं 'दि मिन्यूत' (तो ऊ परत ओठ पुढे काढलेला). पुढे स्वर आला की स चा झ होऊन पुढच्याला चिकटतो, सहा मित्र 'सिझामी'. आठचा पण त असाच व्यंजनापुढे जातो, 'युइ लिव्र'. नऊचा फ फक्त दोन ठिकाणी व्ह होतो, वाजले सांगताना आणि वय सांगताना, 'नव्हऽर' म्हणजे नऊ वाजले आणि 'नव्हाँ' म्हणजे नऊ वर्षं. सातमधला पी कधीच ऐकू येत नाही.

आणि वीसचा त! हा ऐकणाऱ्याच्या फार उपयोगाचा आहे. नुसत्या वीसमध्ये त नाही, पण एकवीस ते एकोणतीसमध्ये तो ऐकू येतो, बावीस म्हणजे 'व्हँत-दऽ'. ऐंशीपासून पुढे मात्र तो परत गायब, ब्याऐंशी 'कात्र-व्हँ-दऽ'.

आता ज्यावर मला सगळ्यात जास्त लिहायचं होतं ते, युरोच्या रकमा. माझ्या कामात सगळ्यात जास्त काळजी इथे घ्यावी लागते आणि कुठल्याही नवशिक्या पुस्तकात हे एका ठिकाणी सांगितलेलं मी पाहिलं नाही. युरो शब्द स्वराने सुरू होतो (अऽरो), त्यामुळे आधीच्या आकड्याचं मुकं अक्षर जागं होतं आणि दोन पूर्ण वेगळ्या रकमा जवळजवळ सारख्या ऐकू येतात. दोन युरो 'दऽझऽरो', बारा युरो 'दूझऽरो', फरक फक्त पहिल्या स्वरात, ऽ की ऊ. तीन युरो 'त्र्वाझऽरो', तेरा युरो 'त्रेझऽरो'. आणि सगळ्यात महाग पडणारी जोडी, सात युरो 'सेतऽरो' आणि शंभर युरो 'साँतऽरो'! नाकातला आवाज ओळखता आला नाही तर सातचे शंभर होतात. वाजले सांगताना पण हेच, दोन वाजले आणि बारा वाजले यात फक्त तेवढाच फरक. म्हणून मी म्हणते की आकडे आणि उच्चार हे दोन धडे वेगळे करूच नका, क्लासमध्ये पहिल्या आठवड्यात उच्चार आणि तिसऱ्या आठवड्यात आकडे असं करतात ते मला पटत नाही. या जोड्या मोठ्याने म्हणा, दुसऱ्याला म्हणायला लावा आणि कुठली रक्कम ते बोटांनी दाखवा.

फोनवर शंका आली तर मी रक्कम उलटून विचारते, 'एक शून्य शून्य?' असं सुटं. तिकडच्या लोकांना त्यात काही गैर वाटत नाही, ते पण स्वतःहून सुटं करून सांगतात.

निघालो_मॉन्ट्रियलला

सात आणि शंभरचं वाचून घाम फुटला, मी टीसीएफ कॅनडा या फ्रेंचच्या परीक्षेची तयारी करतोय. एक विचारायचं होतं, कॅनडाचे व्हिडिओ बघतो त्यात दहाला 'दिस' म्हणतच नाहीत, काहीतरी वेगळंच ऐकू येतं. आकडे पण तिकडे वेगळे आहेत का?

कर्वेरोडवरची

आकडे तेच, साठ-दहा आणि चार-वीसच. पण क्वेबेकमध्ये इ आणि त्या ओठवाल्या ऊ च्या आधी त चा त्स आणि द चा द्झ होतो. हे आवाज मराठी माणसाला आयते येतात, 'चमचा'मधला च आणि 'जग'मधला ज. म्हणजे 'जग'मधला ज घ्या, त्याला 'इ' लावा ('जिवंत'सारखा मऊ होऊ द्यायचा नाही) आणि पुढे स म्हणा, झाला त्यांचा दहा. परीक्षेत तुम्ही फ्रान्सचा उच्चार ठेवलात तरी काही अडचण नाही, फक्त ऐकताना दोन्ही ओळखता आले पाहिजेत.

जिनिव्हाहून_परत

स्वित्झर्लंडमध्ये काही वर्षं होतो, आता बाणेरला. तिकडे हा सगळा व्यापच नाही. सत्तरला सेप्ताँत (इथे पी ऐकू येतो), नव्वदला नोनाँत. बेल्जियममध्येही हेच दोन शब्द, आणि काँगोमध्ये पण, बेल्जियममुळे. ऐंशीची गंमत अशी की लोझानच्या बाजूला, म्हणजे व्हो, व्हाले, फ्रिबूर या कँटनमध्ये युइताँत म्हणतात पण जिनिव्हात कात्र-व्हँच. बेल्जियममध्ये पण ऐंशी कात्र-व्हँच. मी पॅरिसला गेलो की सेप्ताँत म्हणायचो, सगळ्यांना कळायचं. मग नवीन लोकांनी हेच सोपे शब्द का शिकू नयेत?

कर्वेरोडवरची

बोलताना वापरा की, समोरच्याला कळेल. पण समोरचा फ्रान्सचा असेल तर तो उत्तर साठ-पंधरामध्येच देणार ना. ऐकण्यापासून सुटका नाही. डेल्फ या फ्रेंचच्या परीक्षेच्या पहिल्या पातळीला तर ऐकायच्या पेपरात फोनवरचा निरोप, स्टेशनवरची सूचना, किंमत, वेळ असंच सगळं असतं, त्यात आकडा पकडणं हेच मुख्य काम. चार भाग, प्रत्येकी २५ मार्क, एकूण ५० ला पास, पण एकाही भागात ५ पेक्षा कमी चालत नाहीत.

पाटीवरची_अक्षरं

जिनिव्हाहून_परत यांचा प्रश्न वाचून मला आपल्याकडचा २०१९ चा वाद आठवला. बालभारतीने दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात बावीसला 'वीस दोन', त्रेसष्टला 'साठ तीन' असं वाचन दिलं आणि केवढा गदारोळ झाला. डॉ. मंगला नारळीकर तेव्हा गणिताच्या समितीच्या अध्यक्ष होत्या. त्यांचं म्हणणं साधं होतं, की लिहिताना दशक आधी आणि बोलताना एकक आधी, त्यात जोडाक्षरांचे अवघड शब्द, यात मुलं गोंधळतात, दक्षिणेकडच्या भाषांत दशक आधी बोलतात आणि तिथे हा गोंधळ होत नाही. मी तेव्हा शिक्षक मित्रांमध्ये त्यांच्या बाजूने बोललो होतो आणि आजही बोलेन. त्यामुळे सेप्ताँत ऐकून मला त्या देशांचं कौतुक वाटलं.

तुमचं ऐकण्याचं म्हणणं मात्र पटलं. काल नातवाला विसाचे गठ्ठे मांडून दाखवले, नंतर मी मराठीत आकडे सांगत गेलो आणि त्याने फ्रेंचमध्ये म्हटले. गठ्ठ्यांमुळे कळलं, पण वेग म्हणण्यानेच आला.

चिंचेचं_झाड

सर्वांना धन्यवाद. श्वास घे आणि थांब हे सांगितल्यावर कालच्या सरावात तिने सत्तरीतले जवळपास सगळे बरोबर लिहिले. नव्वदीतले अजून डळमळतात. ऽ आणि ऊ च्या जोड्या आम्ही दोघी जेवताना म्हणतो, मला पण मजा येतेय.

अजून दोन गोष्टी. पुस्तकात आकडा अक्षरी लिहिताना सगळीकडे मधे छोट्या रेघा दिल्यात, क्लासच्या जुन्या नोट्समध्ये काही ठिकाणी नाहीत. कुठलं बरोबर? आणि पुण्यात मोठ्यांसाठी चांगला क्लास कुठला, मलाच शिकावंसं वाटायला लागलंय.

कर्वेरोडवरची

अरे वा, नक्की शिका! एफसी रोडला रानडे इन्स्टिट्यूटमध्ये विद्यापीठाचे सर्टिफिकेट आणि पुढचे कोर्स आहेत, मी तिथेच शिकले, व्याकरण पक्कं होतं. आलियाँस फ्रांसेज पण आहे, तिथे पातळ्यांप्रमाणे बॅच असतात. तुमच्या वेळेत काय बसतं ते बघा.

रेघांचं, दोन्ही बरोबर. १९९० मध्ये शुद्धलेखनात सुधारणा झाल्या, तेव्हापासून अक्षरी आकड्यात सगळीकडे रेघ देता येते, जुनी पद्धतही चूक धरत नाहीत. एका उत्तरात दोन पद्धती मिसळू नका म्हणावं. ऐंशी लिहिताना शेवटी एस येतो पण पुढे आकडा आला की जातो, शेकड्याचं तसंच, आणि हजारला कधीच एस लागत नाही.

बिलं बघणाऱ्यांसाठी थोडं. तिकडे दशांशाला स्वल्पविराम आणि हजाराला मोकळी जागा, आपल्या उलट. लाख हा शब्द नाही, शंभर-हजार म्हणतात. मिल्यार म्हणजे आपले शंभर कोटी, आणि 'बिल्योँ' दिसलं तर ते इंग्रजीतलं बिलियन नव्हे, त्याच्या हजारपट, लाख कोटी. हाताने लिहिलेल्या बिलावर एकच्या डोक्यावर एवढी लांब तिरकी रेघ काढतात की आपल्याला तो सात वाटतो, खऱ्या सातच्या पोटात आडवी रेघ असते, ती शोधायची.

सिग्नलवरचा_स्कूटरवाला

फ्रान्समधल्या गाड्यांच्या नंबरावर पण आपल्यासारखा जिल्हा असतो का?

जिनिव्हाहून_परत

असतो, हल्लीच्या पाट्यांवर उजव्या कडेला छोट्या अक्षरात देपार्तमाँचा नंबर असतो, पॅरिस ७५, मार्सेयची बाजू १३, लियोँ ६९. पिनकोडची सुरुवात पण त्याच आकड्यांनी. पॅरिसच्या उत्तरेला ९३ आहे, तिथली तरुण मुलं चार-वीस-तेरा न म्हणता सरळ 'नऽफ-त्र्वा' म्हणतात, नऊ-तीन.

चिंचेचं_झाड

शेवटचं एक विचारते, सोमवारी तिची तोंडी आहे. तारीख आणि सन कसे म्हणायचे?

कर्वेरोडवरची

एक तारखेला पहिली म्हणतात, 'ल प्रम्ये'. बाकी सगळ्या तारखा साधे आकडे, दोन तारीख 'ल दऽ', चौदा जुलै 'ल कातोर्झ झ्युइये'. आठ आणि अकरा स्वराने सुरू झाल्यासारखे वाटतात तरी त्यांच्याआधीचा 'ल' चिकटवायचा नाही, सुटा ठेवायचा, 'ल युइत', 'ल ओँझ', ही जागा तोंडी परीक्षेत मुद्दाम विचारतात. सन पूर्ण वाचायचा, हजार-सातशे-चार-वीस-नऊ म्हणजे १७८९, 'मिल सेत साँ कात्र-व्हँ-नऽफ'. तिची जन्मतारीख, आजची तारीख आणि हा सन, एवढं तिच्याकडून मोठ्याने म्हणून घ्या. २००० च्या पुढचं सोपं आहे, 'दऽ मिल' आणि पुढे उरलेला आकडा.